अरण्यांतील उपचारकांची पाठशाळा

दुसऱ्याच्या मनावर उपचार करणारा मनुष्य आपली विद्या कोठें शिकतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. शल्यविद्या शिकणाऱ्यासमोर शव असतें, औषधविद्येच्या विद्यार्थ्यास ग्रंथ आणि प्रयोगशाळा असते. परंतु दुःखी माणसाशीं बोलावें कसें, त्याच्या मौनाचा अर्थ लावावा कसा आणि त्याच्यासमोर बसलें असतां स्वतःच्या भीतीस आवरावें कसें, हें कोणत्याहि एका ग्रंथांतून हातीं लागत नाहीं. त्यासाठीं एका उपचारकानें दुसऱ्याशेजारीं बसावें लागतें, आपली फसगत उघड सांगावी लागते आणि दुसऱ्याची ऐकावी लागते. व्हिएन्ना शहरीं १९०२ सालापासून सिग्मंड फ्रॉइड यांच्या घरीं दर बुधवारीं रात्रीं चारपांच वैद्य जमूं लागले, ते याच गरजेपोटीं. चिठ्ठ्या टाकून बोलण्याचा क्रम ठरे, आणि जमलेल्यांपैकीं कोणासहि गप्प बसून राहण्याची मुभा नसे. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनीं १९२१ सालीं फ्रॉइड यांच्याशीं पत्रव्यवहार आरंभिला, दुसऱ्या वर्षीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली, आणि तरीहि या दोघांची प्रत्यक्ष भेट जन्मांत झाली नाहीं. पुढें मुंबईचे किशोर फडके यांनीं न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धति अशीच अनेक वर्षांच्या पत्रांतून आत्मसात केली. लंडनमध्यें मायकेल बॅलिंट यांनीं १९५० नंतर साध्यासुध्या डॉक्टरांस एकत्र बसवून रोग्यास काय झालें होतें एवढेंच नव्हे, तर रोग्यासमोर डॉक्टरास स्वतःला काय वाटलें, हेंहि बोलावयास लावलें.

हीं सर्व मोठ्या शहरांतील, लिहित्या-वाचत्या मंडळींचीं उदाहरणें झालीं. परंतु या विद्येचा एक निराळाच आणि अधिक कठीण इतिहास महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोंकास, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यांत घडला आहे. तेथील उपचारकांत कोणी वकील होता, कोणी शल्यवैद्य, कोणी निरक्षर सुईण, तर कोणी पांचवी-सातवी शिकलेली शेतमजुराची सून. त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं मानसोपचार हा शब्दहि आपल्या कामासाठीं वापरला नसेल. तथापि त्यांस जें शिकावें लागलें, तें व्हिएन्नाच्या त्या दिवाणखान्यांतील विद्येहून फारसें वेगळें नव्हतें.

जुना चांदा जिल्हा फार विस्तीर्ण होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वभाग तोडून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. वैनगंगा ओलांडून पूर्वेस गेलें म्हणजे साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचें रान सुरू होतें, तें इंद्रावतीपलीकडे बस्तरच्या रानास जाऊन मिळतें. भाषाहि एक नाहीं. उत्तरेस झाडीबोलीचा गोड हेल, मध्यें गोंडी, भामरागडकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगु. ज्याची भाषा येत नाहीं त्याचें दुखणें ऐकावयाचें कसें, हा या प्रदेशांतील प्रत्येक उपचारकापुढचा पहिला प्रश्न होय.

नागपुरास वेड्यांचें इस्पितळ १८६४ सालीं निघालें. भामरागडच्या माडिया कुटुंबास तें कागदावर उपलब्ध होतें, एवढेंच म्हणतां येईल. कारण मध्यें तीनशें किलोमीटरांहून अधिक अंतर, वाटेंत पावसाळ्यांत दुथडी वाहणाऱ्या नद्या, आणि पोहोंचल्यावर एक शब्दहि न समजणारा डॉक्टर. साहजिकच अंगाचें असो वा मनाचें, दुखणें आलें कीं लोक पुजाऱ्याकडे अथवा वैदूकडे जात. त्या रीतींत भयहि होतें आणि अन्यायहि होता. चेटूक केल्याच्या संशयावरून निरपराध माणसांचा छळ होई, आणि महाराष्ट्रास त्याविरुद्ध २०१३ सालीं कायदा करावा लागला. परंतु तींत एक गोष्ट अशीहि होती, कीं रोग्यास एकटें पाडलें जात नसे. घरचे, भाऊबंद, शेजारी यांच्या समक्षच त्याच्या दुखण्याची चौकशी होई. व्हेरियर एल्विन यांनीं शेजारच्या बस्तरांतील माडियांच्या खुनांचा व आत्महत्यांचा अभ्यास करून १९४३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. वरून शांत दिसणाऱ्या या लोकांच्या मनांत मत्सर, अपमान आणि शोक यांचीं केवढीं वादळें उठतात, हें त्यावरून बाहेरच्या जगास प्रथमच नीट कळलें. एल्विन हे डॉक्टर नव्हते. त्यांचें भांडवल एवढेंच, कीं ते त्या लोकांत राहिले होते.

उपचारकानें रोग्याकडून शिकण्याची पहिली मोठी घटना मात्र रानांत नव्हे, तर वरोरा या गांवीं घडली. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, हे तेथें वकिली करीत. एका पावसाळी रात्रीं रस्त्याकडेला कुष्ठरोगानें झडलेला, मरणोन्मुख असा तुळशीराम त्यांच्या दृष्टीस पडला आणि ते भिऊन पळाले. ही गोष्ट बाबांनीं पुढें जन्मभर लपविली नाहीं, हेंच तिच्यांतील विशेष. पळालेला मनुष्य परत आला, त्यानें तुळशीरामास आडोसा करून दिला, त्याची शुश्रूषा केली; तुळशीराम वांचला नाहीं. परंतु ज्या भीतीनें आपण पळालों ती भीति हाच खरा रोग, असें या वकिलाच्या मनानें घेतलें. त्यानें कुष्ठरोगावरील उपचारांचें शिक्षण कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेंत घेतलें आणि १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर खडकाळ माळावर आनंदवन उभें राहिलें. १९५१ च्या जूनमध्यें विनोबांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें.

डॅप्सोन हें औषध त्या सुमारास नुकतेंच हातीं आलें होतें. जंतूंचा प्रश्न त्यानें पुष्कळ सुटला, पण ज्याच्या बायकोनें, भावानें, गांवानें त्यास घराबाहेर काढलें, त्याच्या मनाचें काय? येथें वैद्यकाच्या पुस्तकांतून कांहींच साह्य नव्हतें. विहीर खणतां खणतां, झडलेल्या बोटांनीं फावडें धरतां धरतां आनंदवनांतील लोक एकमेकांचे उपचारक झाले. नवा आलेला मनुष्य कित्येक दिवस खालीं मान घालून बसे. त्याची समजूत घालण्यास डॉक्टरापेक्षां पांच वर्षांपूर्वीं असाच खालीं मान घालून बसलेला दुसरा मनुष्य अधिक उपयोगी पडे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रांत हें तत्त्व अमेरिकेंत १९३५ सालीं एका दारूड्या दलालानें आणि एका दारूड्या डॉक्टरानें एकमेकांशीं बोलतां बोलतां शोधलें होतें. वरोऱ्याच्या माळावर तें कोणी वाचून आणलें नव्हतें, गरजेनेंच उगवलें होतें.

२३ डिसेंबर १९७३ रोजीं भामरागडनजीक हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे व त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी तेथें राहावयास गेलीं. रोगी येत नसत. अनोळखी, अंगभर कपडे घातलेला मनुष्य दिसतांच माडिया स्त्रीपुरुष रानांत निघून जात. शिक्षणाचा पहिला धडा होता भाषेचा. तो शिकविणारे कोणी पंडित नव्हते, तेथील मुलें व म्हातारे होते. वीज नव्हती, तज्ज्ञ नव्हता. न शिकलेल्या शस्त्रक्रिया पुस्तक उघडून कराव्या लागत. एक रोगी बरा होऊन आपल्या पायांनीं घरीं गेला, कीं त्याच्या गांवाहून आणखी दोन येत. आपल्या दवाखान्याची कीर्ति कोणत्या वाटेनें पसरते हें पाहूनच डॉक्टरांनीं गांवांचा नकाशा मनांत उतरविला असेल. या कामास २००८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें; तें प्रसिद्धच आहे, त्याचा विस्तार येथें नको.

अधिक विस्तारानें पाहावयाचा तो पुढचा टप्पा. कारण त्यांत ऐकणें ही केवळ सज्जनपणाची गोष्ट न राहतां तिला शास्त्राची शिस्त लागली.

डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या नयी तालीमच्या वातावरणांत वाढलेले, डॉ. राणी बंग माहेरच्या चंद्रपूरच्या. दोघांनीं नागपुरास वैद्यकीय शिक्षण घेतलें, अमेरिकेंत जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि १९८५ च्या अखेरीस ‘सर्च’ ही संस्था स्थापून १९८६ पासून गडचिरोलीस काम मांडलें. आरंभीचा दवाखाना तेंदूपानांच्या एका जुन्या गोदामांत होता. लोकांवर प्रयोग करावयाचे नाहींत, लोकांसह करावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. असे निश्चय पुष्कळ संस्थांच्या घटनांत लिहिलेले असतात. खरी कसोटी पुढें लागते.

ती लागली आदिवासींसाठीं रुग्णालय काढण्याच्या वेळीं. सरकारी रुग्णालयांत तुम्ही कां जात नाहीं, असें गांवोगांव बसून विचारण्यांत आलें. पैसा, अंतर, अज्ञान अशीं उत्तरें शहरी माणसास अपेक्षित असतात. मिळालीं तीं निराळीं. तेथील डॉक्टर आणि नर्सा पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही तर पांढऱ्या वस्त्रांत प्रेत गुंडाळतों. मग तेथें जीव वांचेल हें मानावयाचें कसें? तेथें रोग्यास आंत घेतात आणि नातेवाइकांस बाहेर घालवितात. एकट्या पडलेल्या माणसास बरें वाटेल कसें? तीं मोठीं घरें आमच्या घरांसारखीं नाहींत, त्यांत मनुष्य हरवून जातो. आणि तेथें देव नाहीं. हीं उत्तरें ऐकून हंसणें सोपें होतें. परंतु त्यांकडे मनाच्या बाजूनें पाहिलें, तर मरणाची भीति, एकटेपण, परकेपणा आणि आधाराचा अभाव हींच तीं चार दुखणीं. युरोपांतील मोठमोठ्या रुग्णालयांतील रोग्यांसहि तीं होतात, फक्त ते बोलून दाखवीत नाहींत. १९९३ सालीं धानोऱ्याच्या वाटेवर चातगांवनजीक शोधग्राम वसलें, आणि तेथें झोंपड्यांच्या वस्तीसारखें रुग्णालय उभें राहिलें. रोग्याबरोबर त्याचे आप्त राहतात, चूल मांडतात. आवारांत दंतेश्वरी देवीचें देऊळ आहे आणि रुग्णालयाचें नांवहि देवीचेंच आहे.

त्यापूर्वींच डॉ. राणी बंग यांनीं आणखी अवघड दार ठोठावलें होतें. खेड्यांतील स्त्रीचे दुखणे म्हणजे बाळंतपण, एवढीच तेव्हांच्या आरोग्यखात्याची समजूत होती. परंतु रोज दवाखान्यांत येणाऱ्या बायका पाठदुखी, अशक्तपणा असें कांहींतरी सांगत, घुटमळत, आणि निघतां निघतां खरी गोष्ट बोलत. दोन गांवांत घरोघरच्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा ९२ जणींस कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचें आढळलें, आणि पूर्वीं कधीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ च होत्या. १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या पत्रांत हा अहवाल छापून आला आणि जगांतील आरोग्यशास्त्रज्ञांची दृष्टि बदलली. पण आंकडे मिळण्याआधीं शब्द मिळवावे लागले होते. कोणत्या दुखण्यास बायका काय म्हणतात, कोणती गोष्ट सासूदेखत बोलत नाहींत, कशाची लाज आणि कशाची भीति, ही सारी परिभाषा डॉक्टरीणबाईंनीं सुइणींच्या पायांशीं बसून शिकली. ‘कानोसा’ आणि ‘गोईण’ हीं त्यांचीं पुस्तकें याच शिकण्याचीं फळें आहेत. त्यांतील ‘गोईण’ हा शब्दहि तिकडचाच. मैत्रीण असा त्याचा अर्थ, आणि ती मैत्रीण पुष्कळदां झाडहि असते.

सुइणींनीं डॉक्टरांस शिकविलें, तसें डॉक्टरांनीं सुइणींसहि शिकविलें. आणि हें देणेंघेणें किती बारकाईनें झालें याचा एक मासला सांगण्यासारखा आहे. लहान मुलें न्यूमोनियानें दगावत. तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मिनिटांतील श्वासांची संख्या. पण सुईण निरक्षर, तिला पन्नासपर्यंत मोजतां येत नाहीं, आणि घरांत घड्याळ नाहीं. मग तिला दोष देण्याऐवजीं तिच्या हातांत एक साधन देण्यांत आलें: एक मिनिटांत रिकामी होणारी वाळूची कुपी आणि तिच्याजवळ ओवलेले मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं ठरलेल्या मण्यापुढें गेलें तर मूल धोक्यांत. दहापर्यंत मोजणें तिला येतच होतें. रोगाचें इंग्रजी नांव तिच्या गळीं उतरविण्याचीहि जरूर पडली नाहीं. धाप लागणें आणि लहाक लागणें हे शब्द आयांच्या तोंडीं होतेच. १९९० सालीं या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यूमोनियाचे मृत्यु गांवांतल्या गांवांत टाळतां येतात, हें त्यावरून सिद्ध झालें.

त्यानंतरची पायरी नवजात बालकाची. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आंत मूल गेलें, तर त्याचा शोक करण्याचीहि फारशी रीत नव्हती. त्याचें नांव ठेवलेलें नसे. ३९ गांवांत घरीं जाऊन काळजी घ्यावयाची आणि ४७ गांवें तुलनेसाठीं ठेवावयाचीं, असा प्रयोग आंखण्यांत आला. ज्या गांवाची त्याच गांवांतील, पांच ते दहा इयत्ता शिकलेली स्त्री निवडून तिला ‘आरोग्यदूत’ असें नांव मिळालें. तिच्या शिक्षणाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. तिला एकदम सर्व विद्या शिकविली नाहीं. थोडें शिकवावें, तिनें गांवीं जाऊन तें करून पाहावें, दर पंधरवड्यास डॉक्टरानें तिच्या गांवीं येऊन तिच्याबरोबर घरें फिरावींत, चुकलेलें दुरुस्त करावें, आणि मग पुढचा पाठ. १९९५-९६ या पहिल्या वर्षीं मुख्यतः निरीक्षण व नोंद होती. जंतुदोषावर इंजेक्शन देण्याचें काम पुढच्या वर्षीं तिच्या हातीं आलें. अर्धशिक्षित बाईच्या हातीं सुई देण्यास वैद्यकाच्या जगांतून आक्षेप येणारच होते, आणि ते पोकळहि नव्हते. एका मुलास अपाय झाला असता, तर सारा प्रयोग आणि त्या बाईची गांवांतील पत दोन्ही मातींत गेलीं असतीं. त्यासाठींच आईबापांची लेखी संमति घेतली जाई, आणि प्रत्येक मृत्यूची हकीकत घरीं जाऊन, विचारून लिहिली जाई.

प्रयोगापूर्वीं त्या गांवांत दर हजार जन्मांमागें ६२ बालकें पहिल्या महिन्यांत जात. तिसऱ्या वर्षाअखेर ही संख्या २५ वर आली; तुलनेच्या गांवांत मात्र ती ६० च्या घरांतच राहिली. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्यें हें छापून आलें.

या आंकड्यांमागें आणखी एक गोष्ट घडत होती, ती आंकड्यांत मावत नाहीं. मध्यरात्रीं हांक आली म्हणजे ही बाई कंदील घेऊन जाई, तेथें सासू असे, पुजारी असे, भेदरलेली पहिलटकरीण असे. मुलास ऊब देण्याआधीं तिला त्या खोलींतील भीतीस ऊब द्यावी लागे. सासूचा अपमान न करतां तिचें चुकीचें मत कसें फिरवावें, मूल गेलें त्या घरीं दुसऱ्या दिवशीं कोणत्या तोंडानें जावें, गांवानें दोष दिला तर काय उत्तर द्यावें? याचीं उत्तरें डॉक्टरांपाशीं नव्हतीं. प्रशिक्षणासाठीं शोधग्रामला जमल्या म्हणजे त्या एकमेकींशीं बोलत, आणि एका गांवांत साधलेली युक्ति दुसऱ्या गांवीं जाई. बॅलिंट यांच्या वर्तुळांत बसणारे लंडनचे डॉक्टर याहून दुसरें काय करीत होते? त्यांच्या बैठकींचीं टिपणें ग्रंथरूपानें छापलीं गेलीं, या बायकांचीं नाहींत, एवढाच फरक. महाराष्ट्रांतील १३ संस्थांनीं एकत्र येऊन बालमृत्यूंची मोजणी केली व ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ सालीं सरकारपुढें ठेवला. त्या निमित्तानें हें शिक्षण मेळघाटादि इतर अरण्यांतहि पोहोंचलें. पुढें २०११ सालीं केंद्रसरकारनें घरोघरीं नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशा कार्यकर्त्रींच्या हातीं दिला. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं बाळाच्या घरीं जाणारी आशा गडचिरोलीच्या त्या पहिल्या बायकांच्या पावलांवर पाऊल टाकीत असते. तिला हें ठाऊक असतेंच असें नाहीं.

बायकांचें ऐकावयाचें ठरविलें, कीं त्या डॉक्टरास सोयीचें तेवढेंच बोलतात असें नव्हे. तुमचें सर्वांत मोठें दुखणें कोणतें, या प्रश्नास गडचिरोलीच्या स्त्रियांनीं दिलेलें उत्तर होतें दारू. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत तें रोगांच्या यादींत बसत नव्हतें. तरी १९८८ पासून दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि १९९३ सालीं गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरांत बायकांनीं २०१० सालीं चिमूरहून नागपुरापर्यंत पायीं मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून तेथेंहि बंदी आली, आणि २०२१ सालीं ती उठली. केवळ कायद्यानें काय साधतें व काय निसटतें, हें एकाच नदीच्या दोन कांठांवर इतक्या स्पष्टपणें क्वचितच पाहावयास मिळेल.

मोहाची दारू तर आदिवासींच्या देवकार्यांत आणि जन्ममृत्यूच्या विधींत आहे. ती देवापुढें ठेवणारा म्हातारा आणि मजुरी उडवून बायकोस मारणारा तरुण यांस एकाच मापानें मोजणारा उपचारक त्या गांवांत फार दिवस टिकणार नाहीं. म्हणून व्यसनाचा उपचार हा पुन्हा संवादाचाच विषय झाला. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पु. ल. देशपांडे यांच्या देणगींतून मुक्तांगण सुरू केलें, तेव्हां व्यसनांतून बाहेर पडलेले रोगीच तेथें पुढें कार्यकर्ते झाले. त्यांनीं डॉक्टरांस आपल्या थापा कशा ओळखाव्या हें शिकविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. गडचिरोलींत २०१६ पासून शासन, टाटा न्यास आणि सर्च यांच्या सहकार्यानें ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालू झाला. त्यांत गांवाचा निर्णय आणि व्यसनी माणसाचा उपचार हे दोन्ही धागे एकत्र विणण्याचा यत्न आहे. एकट्या माणसास सोडवून आणावें आणि त्याच गांवांत, त्याच गुत्त्यासमोर पुन्हा उभें करावें, यांत कोणाचेंच हित नाहीं.

याच जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा नांवाचें लहानसें गोंड गांव आहे. तेथें वैद्य नाहीं, पण संवादाची जी रीत त्या गांवानें सिद्ध केली तिच्यापासून कोणत्याहि उपचारकानें पाठ घ्यावा. चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गांवचे देवाजी तोफा यांच्या मैत्रींतून तेथें अभ्यासगट सुरू झाले. अभ्यासगटानें चर्चा करावी, माहिती मिळवावी, बाहेरच्या जाणकारास बोलावून प्रश्न विचारावे. निर्णय मात्र घ्यावयाचा नाहीं. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोहि सर्वसहमतीनें. ही विभागणी फार मार्मिक आहे. निर्णयाचें ओझें नसलें म्हणजे मनुष्य आपलें अज्ञान कबूल करतो, आणि हरण्याची भीति नसल्यामुळें दुसऱ्याचें म्हणणें पुरतें ऐकून घेतो. या रीतीनें त्या गांवानें दारूचा, बायकांच्या सहभागाचा, मधमाशा न मारतां मध काढण्याचा विचार केला. आणि याच रीतीनें सामूहिक वनहक्काचा कायदा वाचून २००९ सालीं १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावरील आपला हक्क मान्य करून घेतला. २७ एप्रिल २०११ रोजीं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. ज्यांनीं पूर्वीं वनरक्षकासमोर तोंड उघडलें नव्हतें, त्यांनींच त्या दिवशीं केंद्रीय मंत्र्यांस आपल्या गांवीं बोलावून तें पुस्तक त्यांच्या हातून घेतलें.

खऱ्या अर्थानें ज्यास मनोविकार म्हणावें, त्याच्या उपचारांची स्थिति मात्र या अरण्यांत अद्याप दुबळी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशांत १९९६ सालीं सुरू झाला आणि २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार मिळणें हा नागरिकाचा हक्क ठरला. पण हक्क सांगावयाचा तो कोणत्या भाषेंत? उदासपणा, चिंता, भास यांच्या प्रश्नावल्या इंग्रजींतून मराठींत येतात आणि मराठींतून माडियांत जातां जातां त्यांतील अर्धा अर्थ नदींत वाहून जातो. मूल गेल्यावर सहा महिने न बोलणाऱ्या आईस कोणता रोग झाला, हें ठरविणारा मनुष्य तिच्या अंगणांत बसलेला असावा लागतो. सुइणींचे शब्द गोळा करण्यास जसें एक तप लागलें, तसें मनाच्या दुखण्याचे गोंडी व माडिया शब्द गोळा करण्याचें काम कोणीतरी हातीं घेणें प्राप्त आहे. तें एका तज्ज्ञाचें नव्हे. त्यास आशा, पुजारी, शिक्षक, बरा झालेला रोगी आणि डॉक्टर यांनीं एके ठिकाणीं बसावें लागेल.

बसण्याची एक जागा तेथें आहे. शोधग्रामला दंतेश्वरीची यात्रा भरते, आणि त्या वेळीं गांवोगांवचे आदिवासी आरोग्यसंसदेसाठीं जमतात. यंदा कोणत्या दुखण्यावर काम करावयाचें, असें त्यांस विचारलें जातें. मलेरिया हा विषय त्यांनींच पुढें केला, आणि मच्छरदाण्यांचें काम त्यांच्या सांगण्यावरून सुरू झालें. डॉक्टर त्या दिवशीं मांडवांत लोकांबरोबर खालीं बसलेले असतात, आणि वही त्यांच्या हातांत असते.